दोरा दिसतो

"गजा, घे रं बाला. मी जित्ती हाय तवर तुझी पोर शिकंल," सोनुबाईनं लेकाच्या पिंडापुढे हात जोडले.

दहाव्याला सगळं भिसेगाव नदीवर जमलं होतं आणि कावळा काही शिवत नव्हता. चार कावळे समोरच्या जांभळीवर बसून होते, पण पिंडाकडे ढुंकून बघतील तर शपथ. धाकट्या राजेशनं भावाचं पंपदुरुस्तीचं दुकान चालवायचं वचन दिलं. विनितानं सासूला अंतर न देण्याचं दिलं. तरी कावळे ढिम्म.

"कमलेशभाऊ, तुमीच बोला," विनिता म्हणाली. "त्यांचं काय अडलंय ते तुमाला म्हाईत आसंल."

माहीत होतं म्हणूनच कमलेश मघापासून सगळ्यांच्या मागे उभा होता.

शाळेपासून त्याला आणि गजाला 'तारायात्री'चं खूळ. हिंदीत बोलणारी ही परदेशी मालिका तेवीस वर्षं चालली. तिचा कप्तान नऊ वेळा मेला आणि दर वेळी पुढच्या रविवारी हजर झाला. "ह्याचा दहावा घालायची सोय नाय रं," गजा म्हणायचा, "सोताच जेवायला येल!" सुरुवातीला तर यान पुठ्ठ्याचं होतं, आणि ते ज्यावर लटकायचं तो दोरा चक्क दिसायचा. तो दिसला रे दिसला की दोघं एकमेकांकडे बघून ओरडायचे, "दोरा दिसतो!" पुढे यान सुधारलं, दोरा गेला, पण ओरडणं राहिलं. पुढाऱ्यानं मतं मागितली की ओरडायचे, गिऱ्हाईक उद्याचा वायदा करून गेलं की ओरडायचे. कमलेश माथेरानला हॉटेलात वायरमन झाला, तरी रविवारी संध्याकाळी डोंगर उतरून गजाकडे यायचाच.

शेवटचा भाग लागला तेव्हा गजा इस्पितळात होता. "मी घरी आलो का दोघं मिळून बघू. तवर बघशील तर बघ," त्यानं दम दिला होता.

आणि कमलेशनं बघितला. भर दुपारी, हॉटेलच्या एका रिकाम्या खोलीत, मोबाइलवर. त्याला धीर धरवला नाही असं नव्हे. गजा आता घरी येत नाही हे त्यानं मनात धरलं होतं, आणि त्याचीच त्याला लाज होती.

दुसऱ्या दिवशी गजानं विचारलं, "बघितला नाय ना?"

"नाय रं."

गजा त्याच्या तोंडाकडे बघत राहिला, मग हसला. "दोरा दिसतो, कमल्या," एवढंच बोलला आणि कुशीवर वळला. तिसऱ्या दिवशी तो गेला.

कमलेश पुढे होऊन पिंडापाशी बसला.

"गजा, बघितला मी. तुला सोडून बघितला. कप्तान ह्या टायमाला परत येत नाय रं. यान एकलंच जातं."

मागे कुणीतरी खाकरलं. विनिता त्याच्याकडे बघतच राहिली. कमलेश जांभळीकडे बघत होता. एक कावळा उठला, तसा कमलेश पिंडापासून मागे सरकला. पण कावळा पलीकडच्या तीरावर निघून गेला.

ऊन डोक्यावर आलं. शेवटी गुरुजींनी दर्भ वळून कावळा केला आणि हातात धरून पिंडाला टेकवला.

"शिवला," ते म्हणाले. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

कमलेशनं सवयीनं तोंड उघडलं आणि शेजारी बघितलं. शेजारी राजेश वाकून चपला शोधत होता.