अकरा जण रजेवर

"फाटकाशी सहा मुडदे येऊन पडलेत आणि पुरायला एक माणूस नाही," लॅपटॉपवरची नजर न हलवता जयवंत राऊळ म्हणाले.

विमलाबाईंनी घावनांची ताटली त्यांच्या कोपराशी आदळली. "सकाळच्या पारी घरात मसणवटा मांडून कित्याक बसतात, देवाक ठाऊक. शेजारीण विचारी, भाऊ काय करतात? काय सांगू? भुतां सांभाळतात?"

श्रुतिका ओट्याशी डबा भरत होती. लॅपटॉप तिचाच, जुना. दोन वर्षांपूर्वी बाबांच्या छातीचं दुखणं निघालं, डॉक्टरांनी उन्हात हिंडणं बंद केलं, तेव्हा वेळ जावा म्हणून तिने त्यात शेतीचा एक गेम घालून दिला होता. "शेती मी खरी केलीय, खोटी कशाला?" म्हणून त्यांनी स्वतःच हा दुसरा शोधून काढला. एक ओसाड दफनभूमी, तिची राखण आपल्याकडे. गाडीतून मुडदे येतात, ते पुरायचे. काहींना पुरण्याऐवजी उठवून कामाला लावता येतं. ते लाकूड तोडतात, दगड फोडतात, ओझी वाहतात. बाबांनी आयुष्यभर मरोळच्या कारखान्यात सुपरवायझरी केलेली. या कामात ते असे रमले की जणू पुन्हा गेटपास मिळाला.

"कामगार कुठे गेले मग?" तिने विचारलं. विचारायचं म्हणून.

"गावाला. गणपतीला."

"बाबा, गणपती जाऊन आठ दिवस झाले."

"होतो उशीर दोन-चार दिवस. माणसं आहेत."

"माणसं नाहीत ती. मेलेल्यांना रजा लागत नाही, त्या गेमची तीच तर सोय आहे. ते दमत नाहीत, खात नाहीत."

"असं तुला ऑफिसने सांगितलं?" ते प्रथमच वर बघून हसले. मग हसू आवरून म्हणाले, "बस ना पाच मिनिटं. एक दाखवायचं होतं तुला."

"रविवारी बघते. बस चुकेल."

"बरं. रविवारी."

तो गुरुवार होता. दुपारी चारला ते दूध आणायला खाली उतरले, परतताना बिल्डिंगच्या दाराजवळच्या बाकावर दम खायला बसले, आणि उठलेच नाहीत. अंधेरीच्या कॉलेजातून, ग्रंथालय तसंच उघडं टाकून, श्रुतिका चारकोपला पोचली तेव्हा कुणीतरी दुधाची पिशवी उचलून त्यांच्या मांडीवर नीट ठेवली होती.

दिवसपाणी झालं. माणसं आली आणि गेली. श्रुतिका सगळ्यांशी व्यवस्थित बोलली. रडली नाही म्हणून मावशी काळजीत पडली. पण बाबांशीही ती अशीच व्यवस्थित बोलत आली होती. दोघांत भांडण कधी झालंच नव्हतं. झालं असतं तर बरं, असं तिला आता वाटत होतं.

अठरा वर्षांपूर्वी, ती कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना, गणपतीनंतर कारखान्याच्या फाटकावर अकरा जणांना अडवलं होतं. कामावरून कमी. दोन दिवसांनी त्यांतल्या हरेश्वरची बायको मथुरा दारात येऊन उभी राहिली. आत आली नाही, पाणी घेतलं नाही. अकराही नावं तिने एकेक करून घेतली आणि विचारलं, "यादी कोणी दिली, भाऊजी?" श्रुतिका आतल्या खोलीत दाराआड होती, हातात पुस्तक. बाबा 'मी नाही' म्हणतील म्हणून तिने कान टवकारले होते. बाबा काहीच बोलले नाहीत. थोड्या वेळाने जिन्यावरून मथुराच्या चपला वाजत खाली गेल्या. महिन्याभरात बाबांना बढती मिळाली. दात दुखतोय असं सांगून श्रुतिकाने पेढा घेतला नाही.

पुढे तिने कधी विचारलं नाही. संशय मात्र सुपारीसारखा गालात धरून ठेवला. बाबा कुणाच्या मदतीला धावले की तिला वाटे, प्रायश्चित्त चाललंय. कुणाच्या नाही धावले की वाटे, हेच खरे बाबा.

लॅपटॉप कॉलेजच्या शिपायाला द्यायचा ठरला, म्हणून चौदाव्या दिवशी सगळं पुसून टाकायला तिने तो उघडला. गेम तसाच थांबलेला. भिंतीच्या सावलीत उठवलेले मुडदे कामाविना ओळीने उभे होते, निळसर, मान खाली घालून. प्रत्येकाच्या डोक्यावर बाबांनी इंग्रजी अक्षरांत चुकतमाकत टाइप केलेलं नाव होतं. धोंडिराम. हरेश्वर. ती एकेक वाचत गेली. पाचव्या नावानंतर तिने वाचणं थांबवलं. पुढची तिला न वाचताच माहीत होती.

अकरा.

म्हणजे मेल्यावरही बाबांनी सोडलं नाही यांना. मनात पहिलं हेच आलं, आणि त्यात तिला थोडं समाधानही वाटलं. इतकी वर्षं आपण उगाच दूर राहिलो नाही, असं काहीसं.

तांदूळ निवडत बसलेल्या आईला तिने विचारलं, "आई, बाबा दर रविवारी संध्याकाळी बाहेर जायचे, ते कुठे गं?"

"वाकोल्याक. धोंडिरामाकडे."

"कोण धोंडिराम? कंपनीतला? तो गेला ना?"

"गेलो? अगो, जित्या माणसाक मारतंस काय? तेराव्याक नाय आलेलो? कोपऱ्यात बसलेलो, टोपीवालो. तीन वेळा भात मागून घेतल्यान."

वाकोल्याच्या गल्लीत धोंडिरामचं मिक्सर-कुकर दुरुस्तीचं दुकान म्हणजे एक फळी आणि वर ताडपत्री. सत्तरीचा माणूस, डोक्यावर तीच टोपी. श्रुतिकाला बघताच त्याने स्टूल फडक्याने पुसलं.

"बस. चहा सांगतो. मला आधी सांग, शेवटी मी कशावर होतो? लाकडावर का दगडावर?"

"काय?"

"अगं, गेममध्ये! मी बजावून ठेवलेलं त्याला, जयवंता, माझ्या गुडघ्याला दगड झेपत नाही. मेलो म्हणून काय झालं? तरी मध्ये आठवडाभर दगडावर घातलान मला. म्हणतो, माणूस कमी आहे."

श्रुतिका स्टुलावर बसली. "तुम्हाला माहीत होतं?"

"फोन करून ड्युटी सांगायचा रोज सकाळी. आमच्यातले जिवंत तिघंच. बाकी आठांचं ड्युटीपत्रक आम्ही चौघं मिळून ठरवायचो. हरेश्वराला नेहमी हलकं काम. दमा होता ना त्याला."

"राग नाही आला? मेलेल्यांत नाव घातलं म्हणून?"

"आला ना! पहिल्यांदा दाखवलंन तेव्हा म्हटलं, भल्या माणसा, एकदा मारलंस ते पुरलं नाही? आता उठवून राबवतोस?" धोंडिराम मोठ्याने हसला. समोरचा पानवाला वळून बघू लागला. "बिचारा एवढासा झाला. मग म्हणाला, धोंडू, रजा मागशील तेव्हा देतो. या वेळी नाही म्हणणार नाही."

चहा आला. श्रुतिकाने पेला हातात धरला, तोंडाला लावला नाही.

"काका, यादी बाबांनी दिली होती?"

धोंडिरामने हातातलं कुकरचं झाकण खाली ठेवलं. "त्याला विचारलं नाहीस कधी?"

"नाही."

"तो म्हणायचा खरा. आमची श्रुती एवढी पुस्तकं वाचते, पण मला एक प्रश्न विचारत नाही. म्हटलं, तूच सांग. तर म्हणे, न विचारता सांगितलं तर सारवासारव वाटेल." त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली. "दिली. त्यानेच दिली. त्या वर्षी गणपतीहून आम्ही अकरा जण पाच दिवस उशिरा आलो. पूल वाहून गेला म्हणून सांगितलं. खोटं कशाला बोलू, पूल होता. भजनं रंगलेली. ऑफिसने त्याला सांगितलं, उशिरा आलेल्यांची नावं लिहून दे. दिली. चार दिवसांनी गेटवर तीच नावं."

"कशासाठी मागतायत हे माहीत होतं त्यांना?"

"मी पण हेच विचारलं. सहा वर्षांनी आला तो माझ्याकडे, कुकर घेऊन. कुकरला काही झालेलं नव्हतं. म्हणाला, धोंडू, अर्धं माहीत होतं. उरलेलं अर्धं मी माहीत करून घेतलं नाही."

गल्लीतून एक टेम्पो मागे मागे येत होता. श्रुतिकाने स्टूल आत ओढून त्याला वाट दिली.

"आणि तुम्ही माफ केलंत?"

"माफ-बिफ काय नाय गं. चार महिने शिव्या घातल्या. तो दर रविवारी यायचा, ऐकून घ्यायचा, चहा प्यायचा. मग माझ्या शिव्या संपल्या. चहा राहिला." टोपी पुन्हा डोक्यावर ठेवत तो म्हणाला, "मथुरावहिनीने नाही घेतला घरात. हरेश्वर गेला त्या दिवशीसुद्धा खालूनच परत पाठवलंन. तिचंही बरोबर आहे."

निघताना धोंडिरामने विचारलं, "तो गेम आता कोण बघणार?"

"मला येत नाही."

"नको बघूस. बंदच कर," तो म्हणाला. मग झाकण उचलून रबर बसवू लागला.

घरी आली तेव्हा टळटळीत दुपार होती. आई स्वयंपाकघरात कसलीशी फोडणी देत होती. टेबलावर लॅपटॉप, पलीकडे बाबांची खुर्ची, तिच्या पाठीवर त्यांचा पंचा. कुणी अजून उचलला नव्हता. श्रुतिका समोरच्या खुर्चीवर बसली. तिचा संशय खरा ठरला होता. अठरा वर्षं तिने जे धरून ठेवलं ते खोटं नव्हतं, आणि त्याचा आता काडीचाही उपयोग नव्हता. ज्यांचं नुकसान झालं ते भांडले, चहा प्यायले, नाहीतर तोंडावर दार लावून मोकळे झाले. तिने मात्र दार ना लावलं, ना उघडलं.

"मी आत होते," ती म्हणाली.

तिने पुन्हा म्हटलं, "मथुराकाकू आल्या होत्या तेव्हा मी घरातच होते, बाबा. आतल्या खोलीत. सगळं ऐकलं मी."

स्वयंपाकघरात पळी थांबली. "कोणाशी बोलतंस गो?" आईने आतून विचारलं.

श्रुतिकाने वळून पाहिलं नाही. खुर्चीकडे सरळ बघत तिने, मोठ्याने, आईलाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने विचारलं,

"बाबा, ती यादी तुम्ही दिली होती का?"