रानातल्या खुणा मोजणारी काठी

मित्रांनो, दारामागे छत्री आणि केरसुणी यांच्या मधोमध एक जुनी काठी उभी आहे ना, ती मी. मला हातात धरून कुत्र्यामागे धावायची साधी काठी समजू नका बरं का! मी मापाची काठी आहे. एके काळी माझी लांबी बरोबर एक मीटर होती. 'होती' असं का म्हणाले, ते पुढे कळेलच.

माझे मालक वनरक्षक. वादळात मोडून पडलेल्या एका सरळ फांदीतून त्यांनी मला घडवलं. तासलं, तेल पाजलं, आणि तापलेल्या सुईने माझ्या अंगावर एकेका सेंटिमीटरची खूण आणि तिचा आकडा डागला. दुखलं खूप, पण त्या दिवसापासून मला किंमत आली. आमचं काम हिवाळ्याचं. बर्फ पडलं की रानातली जनावरं दिसत नसली, तरी त्यांची पावलं दिसतात. माझं टोक ठशाच्या टाचेशी टेकवायचं, बोटांपाशी कोणता आकडा येतो ते पाहायचं, आणि वहीत लिहायचं. इतकं सोपं काम, पण ते चोख करायला आयुष्य लागतं.

तेव्हा आम्ही तिघं जायचो: मालक, मी आणि त्यांची लेक. तिची आई ती लहान असतानाच गेली, त्यामुळे बापलेक एकमेकांना सोडत नसत. मालक तिला खुणा वाचायला शिकवत. सशाची मागची पावलं पुढच्यांच्या पुढे पडतात, हे तिला किती दिवस पटेना. "म्हणजे ससा उलटा पळतो का हो बाबा?" असं विचारून तिने त्यांना भंडावून सोडलं होतं. हरणांनी सोललेली साल, खारीने कुरतडून टाकलेली फळं, घुबडाने ओकलेली केसांची गोळी, सगळं ती ओळखू लागली. कोल्ह्याच्या पावलांची सरळ रेघ पाहून ती म्हणाली, "बाबा, यानं तर बर्फावर धावदोरा घातलाय!" पुढे ती शिंपीण झाली, यात मला नवल वाटलं नाही.

संध्याकाळी मालक वही काढत. ससा, कोल्हा, हरीण, पाणमांजर अशी नावं आणि पुढे मापं. सगळ्यात शेवटी गंमत म्हणून ते लेकीच्या बुटाचा ठसाही लिहीत. 'लेक – सतरा.' पुढच्या हिवाळ्यात 'लेक – अठरा.' तिचं वाढणं मी स्वतः मोजलं आहे, मित्रांनो.

मग ती शहरात गेली. उन्हाळ्यात दोन दिवस डोकावून जायची, पण हिवाळ्यात कशी येणार? थंडीतच लोकांना नवे कोट हवे असतात. ती मशीनवरून मान वर करू शकत नसे. मालक म्हणत, "पोरीला भरपूर काम आहे, चांगलंच आहे." असं म्हणायचे आणि एकाच माणसाचा चहा टाकायचे.

त्याच सुमारास त्यांचा गुडघा धरला. तोवर मी त्यांच्या खांद्यावरून मिरवत असे. आता त्यांनी माझ्यावर भार टाकला. खडकावर टक, वाटेवर टक. लोहार म्हणाला, "टोकाला लोखंडी शेंबी बसवून देतो, झिजणार नाही." मालक ताडकन म्हणाले, "नको, माप बिघडेल." केवढी ही काळजी! मापाच्याच काळजीपोटी ते मला रोज थोडं थोडं झिजवत राहिले. मी ओरडून सांगायला हवं होतं, पण काठीला कुठून आलंय तोंड?

आमच्या ओढ्याला एक पाणमांजर होती. ओल्या काठावरून पोटावर घसरत ती पाण्यात जायची. एकटीच घसरायची, पुन्हा वर चढायची, पुन्हा घसरायची. तिच्या ठशाचं माप सहा. काही हिवाळ्यांनी ते साडेसहा भरलं, मग सात, मग साडेसात. मालकांचा चेहरा उजळला. मोठं झालेलं जनावर काही वाढत नाही, तेव्हा हा दुसराच कोणी असणार! बिळाच्या तोंडाशी ताज्या खुणा होत्याच. "ती घर सांभाळते आणि हा बाप्या बाहेर हिंडतो," असं त्यांनी ठरवून टाकलं. त्या वर्षांत आमचे ससेही जाडजूड झाले होते आणि कोल्हेही. त्याचं श्रेय त्यांनी चांगल्या चाऱ्याला दिलं. वहीत लिहिलं, 'जोडी.' आणि खरं सांगते, त्यानंतर ते घरी येताना शीळ घालू लागले.

अशात कचेरीतून पत्र आलं. ओढ्याकाठची झाडं तोडायची होती. तिथे पाणमांजरांची जोडी राहत असेल तर तोड थांबेल, एकटंदुकटं जनावर असेल तर नाही. साहेब सोमवारी स्वतः पाहायला येणार होते. मालकांनी लेकीलाही कळवलं, 'आपल्या ओढ्याला जोडी आहे. जमलं तर बघायला ये.' नऊ हिवाळ्यांनंतर ती बर्फात आली, रविवारी सकाळी.

शिंपिणीच्या खिशात टेप असायचीच. ओढ्यावर मालकांनी मला ठशाला लावलं आणि ऐटीत म्हणाले, "बघ, साडेसात!" तिने सवयीने टेप धरली. मग पुन्हा धरली. टेपवर सहा होते. तिने माझं टोक तळहातावर घेतलं. पहिली खूण नाहीशी झाली होती आणि दुसरीपर्यंतचं अर्धं अंतरही गेलं होतं.

"बाबा, काठी दीड सेंटिमीटर झिजलीय."

मालकांना समजायला वेळ लागला नाही. ते ओढ्याकडे बघत राहिले. "म्हणजे इतके हिवाळे ती एकटीच होती?"

"हो बाबा. एकटीच."

लाज कशाला म्हणतात ते मला तेव्हा कळलं. परत येताना लेक म्हणाली, "साहेबांना तुमचीच काठी दाखवा ना. मी टेप काढलीच नाही असं समजा. झाडं तरी वाचतील."

"आणि वही? एक माप खोटं ठेवलं की सगळी वही खोटी होते, पोरी."

दुपारभर ते शेकोटीशी बसून राहिले. गुडघा दुखत होता, म्हणून वह्या लेकीने काढल्या. कोणत्या हिवाळ्यात किती झीज झाली असेल याचा अंदाज घेऊन ती एकेक आकडा दुरुस्त करू लागली. ससा, कोल्हा, हरीण, पाणमांजर. आणि एका पानावर तिचा हात थांबला. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, 'लेक – खूण नाही.' तिने पान उलटलं. पुढच्या हिवाळ्यातही 'लेक – खूण नाही.' नऊ हिवाळे, नऊ पानं. वनरक्षकाचा नियमच आहे: ज्याची वाट पाहिली आणि जे दिसलं नाही, तेही लिहायचं असतं.

तिने बूट चढवले, अंगणात गेली आणि न तुडवलेल्या बर्फात पाय घट्ट रोवून उभी राहिली. "बाबा, या. माझं माप राहिलंय," तिने हाक मारली. मालक लंगडत आले. मला ठशाला लावलं, साडेचोवीस वाचलं, त्यातून दीड वजा केला आणि डोळे पुसून लिहिलं, 'लेक – तेवीस.'

सोमवारी साहेबांपुढे मालकांनी वही उघडली आणि स्वतःच्या तोंडाने चूक सांगितली. जोडी नव्हती, त्यामुळे पलीकडचा काठ तोडला गेला. बिळाभोवतीची वीस झाडं मात्र साहेबांनी राखली. म्हणाले, "एकटीचं असलं तरी घरच आहे." लेकीने जाण्याआधी लोहाराकडून मला शेंबी बसवून घेतली, अगदी दीड सेंटिमीटरची. मालकांना चालायला दुसरी काठी आणून दिली. तेव्हापासून मी एरवी दारामागे असते. सात-आठ महिने कोणी हात लावत नाही, छत्री तर बोलतही नाही. करमत नाही, पण तक्रार नाही.

मित्रांनो, रोजच्या वापरातली वस्तू कधीतरी उलटीपालटी करून पाहा. ती कुठे झिजली आहे, हे ती स्वतः सांगू शकत नाही. जे माणूस रोज "मी ठीक आहे" म्हणतं, त्याचंही तसंच असतं. त्याच्या अंगणात अधूनमधून आपलं पाऊल उमटू द्या.

गेल्या हिवाळ्यात आम्ही तिघं ओढ्यावर गेलो. घसरगुंडीवर कोरं बर्फ होतं. मालक बराच वेळ वाकून शोधत राहिले, मग त्यांनी वही काढली. शेवटच्या दोन ओळी अशा आहेत: 'पाणमांजर – खूण नाही. लेक – तेवीस.'