रिंटचे भाव

जर्मन दुकानात गोमांसाच्या पाटीवर रिंड असं लिहिलेलं असतं. लिहिताना शेवटी ड, बोलताना ट. या एका ट-वर ज्ञानदाचं सासर तीन वर्षं सुखात होतं.

हॅनोव्हरला तिची पीएचडी चालू होती. कुठल्या गावात बीफ किती महागलं, लोक स्टेक सोडून खिम्यावर कधी आले, यावरून त्या भागाची आर्थिक तब्येत ओळखायची, असा विषय. तिला खरं तर कांद्यावर काम करायचं होतं, पण प्रोफेसर म्हणाले, आमच्याकडे कांद्यापायी सरकार पडत नाही. झालं! जन्मात अंड्याला न शिवलेली पोरगी शनिवारी खाटकांच्या दुकानांतून भाव विचारत हिंडू लागली.

लग्न ठरताना सासऱ्यांनी, म्हणजे श्यामकांतांनी, विषय विचारला. ती चाचरत म्हणाली, "रिंटच्या किमती." त्यांनी ऐकलं रेंट. "म्हणजे घरभाडी?" त्यांचा चेहरा असा काही उजळला, की तिच्या तोंडून "जा, गेनाऊ", म्हणजे हो, अगदी तेच, असं निघून गेलं. श्यामकांत महापालिकेच्या मिळकतकर खात्यातून निवृत्त झालेले. भाडं हा त्यांच्या जिव्हाळ्याचा विषय. पुढे सून हॅनोव्हरला आणि मुलगा पुष्कर नोकरीसाठी जर्मनीच्याच दुसऱ्या टोकाला वाल्डॉर्फला, हा कसला संसार, म्हणून सगळं गणगोत तुटून पडलं, तेव्हा एकटे तेच तिच्या बाजूने उभे राहिले. "भाड्यावर संशोधन करतेय माझी सून! तुमच्यात कुणी केलंय?" या माणसाच्या मनातून आपण उतरलो तर, या भीतीने ज्ञानदाने त्यांचा गैरसमज कधी दूर केला नाही.

आणि आता तेच श्यामकांत तिच्याकडे राहायला आले होते. शनिवारी सकाळी बूट घालून दारात तयार.

"चल, आज कुठली घरं बघायची?"

"जवळच हिल्डेसहाइमला जायचंय. पण बाबा, तुम्ही तिथल्या चौकात छान ऊन खात बसा. मी पटकन जाऊन येते."

ते बसलेही. पण दुसरा कुणी पाहणी करत असताना मिळकतकरातला माणूस बाकावर किती वेळ बसणार? ज्ञानदा दुकानात शिरते न शिरते तोच मालकीणबाई काउंटरमागून ओरडल्या, "हालो, फ्राऊ डॉक्टर! रिंट परत वाढलं!"

"रेंटचंच म्हणतेय ना घरमालकीण?" मागून आवाज आला. श्यामकांत पुढे सरसावले. "मॅडम, हाऊ मच रेंट?"

"रिंट? नाइन्टीन नाइन्टी युरो, वन किलो," बाई हसून म्हणाल्या आणि त्यांनी लालभडक मांसाचा ट्रे त्यांच्यापुढे सरकवला.

"किलो?"

श्यामकांतांनी ट्रेकडे पाहिलं. मग भिंतीकडे. तिथे एका गाईचं भलंमोठं चित्र होतं आणि बिल्डरने प्लॉट पाडावेत तसे तिच्या अंगावर रेघा मारून नंबर घातले होते. ते वळून बाहेर पडले.

ज्ञानदा धावत मागे गेली. ते पुन्हा त्याच बाकावर बसले होते.

"बाबा, चुकलं माझं. तुम्ही एकटेच माझ्या बाजूने होतात. तुम्हीही तोंड फिरवलंत तर, या भीतीने सांगितलं नाही." तिला रडू आलं.

त्यांनी दुकानाच्या पाटीकडे एकदा पाहिलं.

"तू खातेस?"

"नाही हो!"

"विकत घेतेस?"

"नाही. नुसता भाव विचारते."

"घेत काहीच नाहीस, नुसता भाव विचारतेस. आणि त्याचे तुला पैसे मिळतात?" ते तिच्याकडे बघतच राहिले. "तुझी सासू सुलेखा तीस वर्षं लक्ष्मी रोडवर हेच करतेय. तिला कुणी दमडी दिली नाही."

ज्ञानदाला रडता रडता हसू फुटलं. त्यांनी खिशातला रुमाल काढून दिला. "फक्त सुलेखाला कळू द्यायचं नाही. तिचं बीपी आहे. मी सांभाळतो."

परतीच्या गाडीत त्यांनी खोदून खोदून सगळं विचारून घेतलं. एका गावात स्वस्त का, दुसऱ्यात महाग का. खात्यात असते तर दोन नोटिसा काढल्या असत्या, इतके ते रंगले. तेवढ्यात सुलेखाबाईंचा व्हिडिओ कॉल आला.

"काय हो, पाहणी झाली का?"

"झाली ना! रेंट फार वाढलंय इकडे," श्यामकांत ऐटीत म्हणाले. "पण हाडासकट घेतलं तर स्वस्त पडतं."

ज्ञानदाने डोळे मिटून घेतले.

मग सुलेखाबाई म्हणाल्या, "म्हणजे कळलं तर तुम्हाला. अहो, विद्यापीठाच्या साइटवरचा तिचा निबंध मी पहिल्याच वर्षी मोबाइलवर मराठीत करून वाचला. तुम्हाला झेपायचं नाही म्हणून इतके दिवस रेंट रेंट करत बसले." फोन त्यांनी चेहऱ्याजवळ आणला. "ज्ञानदा, हाडासकट काय भाव गं?"

"आई?"

"घ्यायचं नाहीये गं. नुसता भाव विचारतेय."