आंधळ्या भावासाठी चित्र

शाहला चित्रांचं वेड होतं, हे काही खोटं नाही. तबरीझच्या त्याच्या चित्रशाळेत निळ्या रंगासाठी बदख्शानहून दगड यायचे, आणि एखाद्या घोड्याची मान चुकली तर ती सगळ्यांत आधी राजाला खटकायची. असा जाणकार धनी मिळायला नशीब लागतं, असं लोक म्हणत. म्हणेनात का, त्यांना कुठे त्याच्या हाताखाली काम करायचं होतं.

गादीवर बसल्याबरोबर शाहनं आपल्या थोरल्या सावत्र भावाच्या, बिझन मिर्झाच्या डोळ्यांत तापलेली सुई फिरवायला लावली. आंधळ्याला कोणी राजा करत नाही. पण डाव्या डोळ्यापाशी जल्लादाचा हात कचरला होता. त्या डोळ्यानं मिर्झाला अजून दिसतं, हे चित्रशाळेतल्या एकट्या उस्ताद फरामर्झांना माहीत होतं. मिर्झाला कुंचला धरायला त्यांनीच शिकवलं होतं, त्यामुळे त्यानं त्यांच्यापासून लपवलं नाही.

एका सकाळी शाह त्यांच्या शेजारी मांडी घालून बसला.

“उस्ताद, आमच्या दादासाठी एक चित्र काढा.”

“हुजूर, त्यांना दिसत नाही.”

“लोक म्हणतात, दिसतं. म्हटलं, भांडण कशाला, तुमचं चित्र पुढे ठेवू. चित्र बघून दादाचा चेहरा कधी गप्प राहिलाय का?” शाह हसला. “आणि हात राखून काढू नका हं. मला कळतं.”

पहिलं चित्र उस्तादांनी मुद्दाम पाणचट काढलं. शाहनं ते फाडलं. दुसरंही फाडलं, आणि वर विचारलं, “बोटं नकोशी झालीत का?”

मग तिसरं. ओढ्यात पहिला पाय घालणारा घोडा. सुरुवातीला उस्ताद घाबरत घाबरत रेघ ओढत होते. पुढे पाण्याचा निळा असा काही लागला की ते सगळं विसरले. मिर्झाला विसरले, सुई विसरले. भूक लागलेली कळेना. चित्र पुरं झालं तेव्हा आपण काय करून बसलो ते त्यांच्या ध्यानात आलं. फाडायला हात उचलला आणि तसाच खाली आला. मिर्झा हुशार आहे, सांभाळेल, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. अशा समजुती घालायला माणसाला कुणी शिकवावं लागत नाही.

दरबारात मिर्झाला हाताला धरून आणलं. चित्र त्याच्यासमोर ठेवलं. मिर्झाची पापणीही हलली नाही.

“काय आहे पुढ्यात?” त्यानं विचारलं. “ओल्या रंगाचा वास येतोय.”

“चित्र आहे, दादा. उस्तादांचं.”

“आंधळ्याला चित्र? थट्टा पुरे कर, भाऊ.”

दरबारी हसले. उस्तादांना वाटलं, सुटलो. शाहनंही मान डोलावली, चित्र उचललं आणि पेटत्या शेगडीत टाकलं.

कागदाला अजून धग लागायची होती, तोच मिर्झाचा हात निखाऱ्यांत गेला. चाचपडत नव्हे, नेमका कागदावर. चित्र छातीशी धरून तो उभा राहिला, आणि दरबारात कुणी हसेना.

“बघा,” शाह उस्तादांना म्हणाला, “तुमच्याशिवाय हे जमलं नसतं.” त्यानं अंगावरची शाल काढून त्यांच्या खांद्यावर घातली आणि जल्लादाला सुई तापवायला सांगितलं.

मिर्झा म्हणाला, “मला हे पुरतं बघू दे आधी.”

“बघ की. सुई लाल व्हायला वेळ लागतो.”

मिर्झानं भाजलेल्या हातानं चित्र डाव्या डोळ्याजवळ नेलं. वरच्या कोपऱ्यापासून सावकाश बघत खाली आला. उस्तादांना रडू कोसळलं होतं, पाय धरावेत, माफी मागावी असं वाटत होतं. तरी नजर मिर्झाच्या चेहऱ्यावरून हलेना. तो काय म्हणतो, याची ते वाट बघत होते.

“घोड्याच्या पायाला पाण्याचा गारवा लागलाय, उस्ताद,” मिर्झा म्हणाला. “हे तुम्हाला आधी कधी जमलं नव्हतं.”

आणि काय सांगावं, जल्लाद सुई घेऊन पुढे येत असताना उस्तादांना बरं वाटलं.