खाटांच्या डब्यातलं केशकर्तनालय

लढाई संपली आणि आमच्या रेल्वे यार्डात सैन्याच्या डब्यांची रांग लागली. अंगावर मातकट हिरवा रंग, खिडक्या एवढ्याएवढ्याशा, आणि आता करायचं काय अशा चेहऱ्याने सगळे उन्हात उभे. स्वयंपाकाचा डबा टपालवाल्यांनी नेला. पुढे कितीतरी दिवस गावातल्या पत्रांना कांद्याचा वास यायचा. शस्त्रक्रियेच्या डब्यात लहान मुलांची शाळा भरू लागली, कारण एवढा लख्ख दिवा दुसरीकडे कुठे मिळणार? आणि सैनिकांच्या झोपण्याचा, तीन मजली खाटांचा एक डबा यार्डमास्तरांनी आमच्या ह्यांना दिला. लढाईवरून आलेल्या माणसाला काहीतरी उद्योग हवा म्हणून.

हे न्हावी. सैन्यात जाण्याआधी दुसऱ्याच्या दुकानात खाली पडलेले केस झाडायचे, तेवढंच. वस्तरा हाती आला तो सैन्याच्या गाडीत. सगळी लढाई त्यांनी असल्याच डब्यांतून फिरत, सैनिकांच्या दाढ्या करण्यात काढली. तिथे त्यांना ‘वस्ताद’ म्हणत. हे मला त्यांनीच सांगितलं होतं, त्यामुळे मी निम्मंच खरं धरलं होतं.

डब्याचं दुकान केलं ते माझ्या दादाने. तो सुतार. खाटा काढून त्याने त्यांच्या फळ्यांची बाकं केली, बंदुका अडकवायच्या खाचांत गिऱ्हाइकांच्या छत्र्या राहतील अशी सोय केली, आरसा बसवला. शेवटी डब्याखाली शिरून स्प्रिंगांत लाकडी ठोकळे मारले आणि खालून रुळांचे जुने लाकडी स्लीपर रचून डबा असा पक्का केला की बाहेर येऊन म्हणाला, “आता आत दुधाचा पेला काठोकाठ भरून ठेव. शेजारून मालगाडी गेली तरी थेंब सांडला तर सांग.”

पहिली दाढी अर्थात दादाचीच. हनुवटीवर कापलं. मग कानाखाली. मग पुन्हा हनुवटीवर.

“भावोजी,” दादा आरशात बघत म्हणाला, “दाढी करताय की रंधा मारताय?”

सगळे हसले. हेही हसले. दुसऱ्या दिवशी पोस्टमनला कापलं, तिसऱ्या दिवशी खुद्द यार्डमास्तरांना, आणि मग कोणी हसेना. आमच्या दुकानातून माणसं गालावर कागदाचे कपटे चिकटवून बाहेर पडायची. यार्डातले खलाशी एकमेकांना विचारायचे, “लढाई संपली म्हणतात, मग त्या डब्यातून जखमी कसे काय उतरतायत?”

नवीन वस्तरा आणला. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, ह्यांना माझ्यापेक्षा चांगलं दिसतं. वहिनी म्हणाली, लढाईचं मनावर बसलंय, कोणी काही बोलू नका. सगळे इतके बोलेनासे झाले की घरात भांडं आपटलं तरी दचकायला व्हायचं. काम करताना हे नाकातल्या नाकात गुणगुणायचे, तेही थांबलं. गिऱ्हाइकं तर आधीच थांबली होती.

एका सकाळी हे म्हणाले, “गोदामावर रखवालदार हवाय. एक तारखेपासून जाईन म्हणतो.”

“आणि वस्तरा?”

“राहू दे. तुला पेन्सिलीला टोक करायला होईल.”

जेवण झालं की बसल्या जागी घोरणारा हा माणूस गोदाम राखणार! पण हसू आलं नाही. ज्या हाताचा एवढा अभिमान, तो हात ते खिशात घालून बसायला लागले होते. एकदा गोदामावर गेले की वस्तऱ्याला पुन्हा शिवणार नाहीत, हे मला चांगलं ठाऊक होतं.

त्याच आठवड्यात धाकट्या बहिणीला मुलगी झाली, म्हणून आम्ही दोघं गाडीने निघालो. डब्यात पलीकडच्या बाकावरून एक दाढीवाला ओरडला, “वस्ताद! अरे, वस्तादच की!”

तो ह्यांच्याबरोबर सैन्यात होता. नोकरीच्या मुलाखतीला चालला होता, आणि तोंड असं की दारावरच हाकलतील. “देवासारखा भेटलास. काढ वस्तरा.”

“मी सोडलंय ते.”

“सोड उद्यापासून. मुलाखत आज आहे.”

वस्तरा ह्यांच्या पिशवीत होताच. सोडलेला माणूस वस्तरा पिशवीत कशाला ठेवेल, हे मी विचारलं नाही. गाडी भरधाव, डबा खडखडतोय, आणि ह्यांनी त्या बिचाऱ्याच्या गळ्यावर पातं टेकवलं. मी डोळे मिटले. थोड्या वेळाने गुणगुणणं ऐकू आलं तेव्हा उघडले.

हे बाकांच्या मधे उभे होते. गुडघे सैल, कंबर डब्याबरोबर डुलतेय, आणि हात हवेत टांगल्यासारखा. सगळा डबा हलत होता, वस्तरा तेवढा हलत नव्हता. एक गाल झाला, दुसरा होत आला, आणि स्टेशन येऊन गाडी थांबली.

“आई गं!” तो माणूस ओरडला. कानाखाली रक्ताचा ठिपका.

मी उठून उभीच राहिले. “अहो! तुमचा हात नाही बिघडलेला. खालची जमीन बिघडलीय!”

“काहीतरीच तुझं,” हे म्हणाले. पण गाडी सुटेपर्यंत त्यांनी वस्तरा टेकवला नाही.

परत आल्यावर मी थेट यार्डमास्तरांकडे गेले. सकाळी गिरणी कामगारांची गाडी सुटते. माणसं डोळे चोळत धावत येऊन चढतात, कोणाची दाढी झालेली नसते. आमचा डबा तिला जोडा, म्हटलं.

“बाई, चालत्या गाडीत वस्तरा? माझी नोकरी जाईल.”

“उभ्या डब्यात रक्त निघालेलं चालतं का साहेब?”

त्यांचा हात आपोआप गालाकडे गेला. बराच वेळ तिथेच राहिला. “एकच दिवस जोडतो,” ते म्हणाले. “आणि पहिली दाढी तुमच्या घरातल्या माणसाची.”

दादाने स्वतःच्या हाताने मारलेले ठोकळे आणि रचलेले स्लीपर स्वतःच काढले. प्रत्येक ठोकळ्याला एक उसासा. सकाळी खुर्चीत बसला तेव्हा मला म्हणाला, “तुला भाऊ एकच आहे, हे लक्षात आहे ना?”

“म्हणून तर तुला बसवलं. दोन असते तर चिठ्ठ्या टाकल्या असत्या.”

गाडी हलली. बाकांवर कामगार दाटीवाटीने बसले होते, दाढी करायला नाही, बघायला. ह्यांनी पट्ट्यावर वस्तरा परजला, गाडीने वेग घेईपर्यंत थांबले, आणि सुरू केलं. डावा गाल लोण्यासारखा निघाला. दादाने एक डोळा उघडून आरशात पाहिलं, मग दुसराही उघडला. मागच्या बाकावरचा एक मिशाळ म्हणाला, “माझा नंबर लावा.” त्यावर दोघं त्याच्याशी भांडले, की आधी आम्ही बसलोय.

तेवढ्यात गाडी मंदावली. हे सरळ ताठ झाले, वस्तरा डोक्यावर धरला.

“काय झालं?” दादा घाबरला.

“सिग्नल. गाडी थांबतेय. आता धोका आहे.”

अख्खा डबा हसून लोळला. दादा अर्ध्या तोंडाला फेस घेऊन सिग्नलला शिव्या घालत होता, आणि मिशाळ्याने खिडकीतून डोकं काढून हाक मारली, “अहो, सोडा की लवकर! इथे माणूस अर्धा राहिलाय!”

मी ह्यांच्याजवळ सरकले. “उद्या एक तारीख. गोदामावर काय सांगू?”

ह्यांनी बाकांवरच्या वाढलेल्या दाढ्यांवरून नजर फिरवली. वस्तरा अजून वरच होता.

“सांग, वेळ नाही.”

गाडीने हिसका दिला. ह्यांचे गुडघे सैल झाले, आणि दादाने आपण होऊन उजवा गाल पुढे केला.