एकोणपन्नास आठशे

"तुमचा काटा बिघडलाय," आई म्हणाली.

राज्य स्पर्धेत वजन घेणाऱ्या बाईंनी मानसुद्धा वर केली नाही. "काकू, सकाळपासून शंभर पोरी उभ्या राहिल्या यावर. सगळ्यांना बरोबर दाखवतो, तुमच्याच पोरीला चुकीचं?"

"काल सकाळी बसमध्ये बसायच्या आधी सत्तेचाळीस नऊशे होती ती. एका दिवसात दोन किलो चढतात होय? बसमध्ये खिडकीशी बसून आलीये पोरगी, कुणाच्या लग्नाच्या पंगतीला नव्हती बसली!"

रांगेतल्या पोरी फिसकन हसल्या. घण हसली नाही. ती काट्यावर अनवाणी उभी होती आणि पायाखालचा लाल आकडा काही केल्या खाली येत नव्हता. एकोणपन्नास आठशे. तिचा गट अठ्ठेचाळीसचा.

घण हे काही तिचं खरं नाव नव्हे. बाप लोहार होता, आणि शाळेत एका पोराने बापावरून टवाळी केली तेव्हा हिने त्याला असा एक ठेवून दिला की तो दोन बाकं ओलांडून पडला. तेव्हापासून गाव तिला घण म्हणतं. बाप गेला, भाता गेला, नाव राहिलं. सैन्यातून सुटून आलेल्या फौजीकाकांनी तिला चिंचेला टांगलेल्या वाळूच्या पोत्यापुढे उभं केलं, त्याला आता सात वर्षं झाली. पहिली लढत तिने काकांच्या मुलाचे बूट घालून, पुढे चिंध्या कोंबून खेळली आणि हरली. पुढे जिल्ह्यात चारदा जिंकली. राज्यात मात्र चार वेळा गेली आणि चारही वेळा तिसऱ्या फेरीत ढेपाळली.

बॉक्सिंग म्हणजे मार खायचा खेळ, असं लोक म्हणतात. साफ खोटं. उपाशी राहायचा खेळ आहे तो. अठ्ठेचाळीसात बसायचं म्हणून ही पोरगी महिना महिना अर्ध्या पोटी राहायची, भर उन्हात रेनकोट घालून पळायची, वजनाच्या आदल्या दिवशी पाणीसुद्धा तोंडात घोळवून थुंकायची. मग रिंगणात दोन फेऱ्या वाघीण, तिसऱ्या फेरीला पायांत कापूस. आईने या वर्षी स्पष्ट सांगितलं होतं, "राष्ट्रीय स्पर्धेला निवड झाली तर ठीक. नाही झाली तर हातमोजे गुंडाळून ठेवायचे आणि माझ्याबरोबर शेतात यायचं. माझी एकटीची कंबर आता धरत नाही." घणने मान डोलावली होती. म्हणजे जे काही व्हायचं ते इथेच.

फौजीकाका डोकं खाजवत म्हणाले, "वहिनी, यांचा काटा बरोबर असेल तर आपला चुकीचा."

"आपला कुठला? आपण तर शेठकडे..."

आई तिथेच थांबली. तिघंही थांबले.

दवाखान्यातला काटा मोडला तेव्हापासून घण रोज सकाळी धान्याच्या शेठकडे वजन करायची. शेठने सुगीच्या तोंडावर नवा कोरा इलेक्ट्रॉनिक काटा आणला होता. मोठ्या मनाचा माणूस! "पोरगी गावाची आहे, तिच्याकडून वजनाचे पैसे घ्यायचे का?" असं चारचौघांत म्हणायचा. घण पोत्यांच्या रांगेत उभी राहायची, नंबर आला की काट्यावर चढायची. या वर्षी नवलच झालं होतं. पोटभर जेवूनही वजन अठ्ठेचाळीसच्या वर जाईना. आईला वाटलं, आपल्या हाताचा गुण. काकांना वाटलं, आपल्या नव्या व्यायामाचा. शेठ काट्यावरचा आकडा बघून हसायचा आणि म्हणायचा, "वहिनी, अजून दोन अंडी घाला पोरीला. जागा आहे अजून."

त्याला ठाऊक होतं. रोज सकाळी तो तिला दोन किलोने चुकवत होता आणि हसत होता. सांगितलं असतं तर पोरगी वाचली असती, पण काटा उघडा पडला असता. माणूस आणि पोतं यांत अशा लोकांना फरक दिसत नाही.

"माझा मका," आई हळूच म्हणाली. मग मोठ्याने म्हणाली, "अख्खा मका त्याच काट्यावर घातला मी! पन्नासच्या पोत्याला अठ्ठेचाळीस दाखवत होता मेला!"

"आई, मक्याचं नंतर," घण म्हणाली. "बाई, आता मी बाहेर का?"

बाईंनी आता मात्र मान वर केली. त्यांनीही कधीतरी उपाशी राहून लढती खेळल्या असाव्यात. "सोडत निघायला अजून अर्धा तास आहे. पन्नासच्या गटात घालते, प्रशिक्षकांनी लेखी द्यावं. पण सांगून ठेवते, तिथे पोलीस संघाची चॅम्पियन आहे. तीन वर्षं कुणाला हरलेली नाही."

काकांनी घणकडे पाहिलं. "काय गं? ती उंच आहे तुझ्यापेक्षा. हात लांब आहेत."

"काका, लिहा."

"विचार कर."

"सात वर्षं विचारच केला उपाशी पोटी. लिहा तुम्ही."

पहिल्या दोन लढती तिने कशा जिंकल्या हे तिलाच कळलं नाही. तिसऱ्या दिवशी अंतिम फेरीत समोर ती पोलिसांची पोरगी आली. पहिली फेरी सरळ तिची. लांब डावा हात असा यायचा की घणला आपलंच नाक दिसेना.

कोपऱ्यात काका तोंडावर पाणी मारत म्हणाले, "आत घुस. लांबून खेळलीस तर ती तुला दिवसभर बडवेल."

दुसऱ्या फेरीत घण आत घुसली. बरगड्यांवर तीन ठोसे दिले, चार खाल्ले. मग तिसऱ्या फेरीची घंटा झाली आणि घण पायांत कापूस भरायची वाट पाहू लागली.

भरलाच नाही.

पाय होते. दम होता. महिनाभराची अंडी, दूध, केळी सगळी जागेवर होती. समोरचीच पोरगी तोंड उघडून श्वास घेत होती. घणला एकदम हसू आलं. सात वर्षं ती समोरच्या पोरींशी लढतच नव्हती, स्वतःच्या भुकेशी लढत होती. तिने खांदा पाडला आणि उजवा असा हाणला की प्रेक्षकांत आईने स्वतःचा जबडा धरला.

पाच पंचांपैकी तिघांनी घणला दिलं. पंचाने तिचा हात वर केला. राष्ट्रीय स्पर्धेला निवड झाली, पन्नासच्या गटात.

परतीच्या बसमध्ये काका म्हणाले, "दोन महिने पन्नास टिकवायचंय. रोज वजन लागेल. दवाखान्याचा काटा अजून मोडलेलाच आहे."

"शेठकडेच करायचं," घण म्हणाली.

"अगं, त्या चोराकडे?"

"त्याच्याकडेच. बाईंनी वजनाचा शिक्का मारलेला कागद दिलाय मला."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पोत्यांच्या रांगेत उभी राहिली. शेठ लगबगीने पुढे आला. "ये, ये! आमच्या काट्याने मेडल आणलं म्हणायचं!"

घण चढली. अठ्ठेचाळीस आला. तिने कागद उघडला आणि चिंचेपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात वाचला, "सरकारी काटा, एकोणपन्नास आठशे! शेठचा काटा, अठ्ठेचाळीस!"

शेठ म्हणाला, "मार खाऊन उतरलं असेल, पोरी."

"मग उद्या परत बघू," घण म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने परत वाचलं. तिसऱ्या दिवशी रांगेतले लोक तिच्याबरोबर ओरडले. चौथ्या दिवशी एकही पोतं काट्यावर चढलं नाही. सगळे नुसते बघायला आले होते. शेठ कुणाच्याच नजरेला नजर देईना.

पाचव्या दिवशी घण चढली आणि आकडा एकोणपन्नास नऊशेवर थांबला.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. रांगेतल्या पहिल्या म्हाताऱ्याने पोत्याला हात घातला, ते काट्याकडे ओढता ओढता तो थबकला आणि म्हणाला, "पोरी, तुझी स्पर्धा झाली तरी रोज सकाळी येत जा हं."