असंच कोन पळतं गं?

मंडळी, मी सांगतो ते तुम्हाला खरं वाटणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पण भोरच्या महाड रस्त्यावर नऊवारीतल्या एका म्हातारीनं एसटीला मागं टाकलं, आणि एसटीतली माणसं खिडकीतून ओरडली, "आजी, पुढं निघालाच आहात तर पुण्याच्या गाडीत आमचीबी जागा धरा!" आता हसताय कशाला? भोरचं धावक मंडळ पळून आलंय, या टपरीवर चहा पीत बसलंय. ही तमन्ना समोरच आहे. सगळं घडलं ते तिच्यामुळंच.

ती म्हातारी म्हणजे हिर्डोशीच्या धोंडाबाई. नवरा गेला तसं त्यांच्या सार्थकनं त्यांना भोरला आपल्या फ्लॅटवर आणलं. मुलगा वाईट नव्हता हो! टीव्ही दिला, पंखा दिला, गुडघ्याला तेल आणून दिलं. तो आणि सूनबाई अश्विनी सकाळीच कंपनीच्या बसनं जायचे ते अंधार पडता घरी. दिवसभर धोंडाबाई खिडकीत. समोरच्या दाराला पाटी होती, माणूस कधी दिसला नाही. एकदा त्यांनी शेजारी घावन नेऊन दिले, तर आतून आवाज आला, "आम्हाला काही घ्यायचं नाही!"

आपल्यातल्या किती घरांत आज हेच चाललंय, सांगा बरं!

एका पहाटे धोंडाबाईंनी खिडकीतून पाहिलं, तर तमन्ना जिवाच्या आकांतानं पळत चाललेली. आता हिर्डोशीत माणूस उगाच पळत नाही. साप चावला, बाई अडली, रानात वणवा लागला, तरच पळतं. आणि एक पळालं की बाकीच्यांनी हातातलं टाकून मागं पळायचं, काय झालं ते वाटेतच विचारायचं, ही तिथली रीत. धोंडाबाईंनी काष्टा खोचला आणि जिना उतरल्या.

"अगं पोरी, थांब! कुनाला काय झालं?"

तमन्नानं कानातली वायर काढली. "काही नाही आजी. आम्ही रोज असंच पळतो."

"असंच? असंच कोन पळतं गं?" धोंडाबाईंना ते पटेना. तेवढ्यात मागून बाकीचं मंडळ आलं. धोंडाबाईंनी प्रत्येकाला गाठून विचारलं, "तुला रं काय झालं?"

आणि मंडळी, गंमत बघा! कुणाला काहीच झालेलं नाही, असं एकही निघालं नाही. हाशिमचं जमलेलं लग्न मोडलं होतं. ज्ञानूची नोकरी गेली होती. वर्षानुवर्षं शेजारी शेजारी पळणारी ही माणसं, एकमेकांच्या बुटांची कंपनी त्यांना ठाऊक होती, घरचं दुखणं ठाऊक नव्हतं! त्या दिवसापासून धोंडाबाई रोज येऊ लागल्या. पळत कमी, विचारत जास्त. एसटीला मागं टाकलं ते याच दिवसांत.

तिथंच घात झाला. कुणीतरी त्यांचा व्हिडिओ काढून गावभर फिरवला. सार्थक त्या संध्याकाळी तापूनच घरी आला.

"आई, कंपनीत मला मोबाईल दाखवून हसतात! म्हणतात, म्हातारी घरातनं पळाली."

"हसू दे की रं. हसून कुनाचं पोट दुखतंय?"

"आणि पडलीस म्हणजे? मी तिकडं, अश्विनी तिकडं. कोण उचलणार तुला?"

दुसऱ्या दिवसापासून जाताना दाराला बाहेरून कुलूप. किल्ली सार्थकच्या खिशात. धोंडाबाई आतून कडी वाजवत राहिल्या. मग वाजवायच्या थांबल्या.

आता पुढचं नीट ऐका! सुट्टीच्या दिवशी सगळं मंडळ जिना चढून वर गेलं. पुढं आमच्या मंडळातले मौलाली चाचा, आयुष्यभर घाटात एसटी चालवलेला माणूस. सार्थकनं दार उघडलं.

"चाचा, तिला इथं काय कमी आहे?"

"काय बी न्हाई. फकस्त मानूस न्हाई."

"मी काळजीपोटी कुलूप लावतो हो!"

"बाळा, चोराच्या भ्यानं कुलूप लावत्यात. तू कुनाच्या भ्यानं लावलंस? आई पडंल म्हनून, का लोक हसतील म्हनून? पडली तर उचलाय आमी हाओत. हसनाऱ्यांचं तू बघ."

सार्थकची मान खाली गेली. डोळे भरून आले! त्यानं खिशातली किल्ली काढली आणि खिडकीतून अशी भिरकावली, अशी भिरकावली, की ती थेट भाटघरच्या धरणात जाऊन पडली! आईचे पाय धरून म्हणाला, "आई, उद्यापासून मीच तुझ्यासंगं पळतो."

तर नागरिकहो, भाकरी आणि औषध दिलं की म्हाताऱ्या माणसाचं भागलं, असं समजू नका. त्याला विचारणारं माणूस लागतं, आणि त्यालाही कुणाला तरी विचारायचं असतं. आपल्या शेजारचं दार बंद दिसलं, तर...

"खोटं!"

तमन्नानं चहाचा ग्लास बाकावर आदळला होता.

"खोटं सांगताय तुम्ही. धरण नाही, किल्ली नाही, काही नाही. आम्ही वर गेलोच नाही! चाचा जिन्याच्या तोंडाशी थांबले, म्हणाले, दुसऱ्याच्या घरातलं आपण कसं बोलावं. आम्हीपण माना हलवल्या." तिचा आवाज चिरकला. "आजी आज सकाळीसुद्धा खिडकीचे गज धरून उभ्या होत्या. आम्ही खालून हात हलवला, आणि पुढं पळालो."